जोंगखा आणि सिंहली: तुलना कुठून सुरू करावी

दोन्ही लिप्यांची मुळं ब्राह्मीत आहेत, म्हणून भाषाही सख्ख्या असतील, ही नवशिक्यांची पहिली चूक. श्रीलंकेची सिंहली आर्यभाषा, म्हणजे मराठीची लांबची बहीण. भूतानची जोंगखा तिबेटी कुळातली. दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, पण त्यावरून नातं ठरत नाही. नातं शोधायचं ते मूळ शब्दांत. हाताला सिंहलीत 'अत', आंब्याला 'अंब'.

सुरुवातीला एवढंच करा:

- १ ते ५ आकडे शेजारी शेजारी लिहा. सिंहली: एक, देक, तुन, हतर, पह. जोंगखा: ची, ञी, सुम, झी, ङा.
- जोंगखाचं स्पेलिंग अक्षरशः वाचू नका. पाचाला लिहितात 'ल्ङ', त्यातला ल मुका. आणि 'जोंगखा'तला ज आपल्या 'जोर'मधला, 'जीव'मधला नव्हे. मराठी माणसाला तो आयताच येतो!
- सिंहलीतला अर्धा अनुनासिक (नाकातून निघणारा ओझरता आवाज) कानांनी पकडा. 'कन्द' म्हणजे डोंगर. तोच न ओझरता उच्चारला की झाडाचं खोड. इथे घाई नको, रोज दहा वेळा ऐका.

जोंगखाचे सूर (आवाजाच्या चढउतारानं शब्दाचा अर्थ बदलणं) आणि सिंहलीची ग्रंथभाषा सध्या बाजूला ठेवा. बोली सिंहलीच धरा, तिच्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. नक्की जमेल.