फुटपाथ रुंद केले की रस्ता अरुंद होतो का?

‘पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यासारखे ऐसपैस फुटपाथ करून गाड्यांची जागा का खाल्ली?’ असं तुम्ही विचारलंय. रस्त्यांची आखणी हेच माझं काम, त्यामुळे उत्तर थोडं एका बाजूने झुकलेलं वाटेल.

रस्त्यावरून किती गाड्या निघणार ते चौकात आणि सगळ्यांत अरुंद जागी ठरतं. आपले रस्ते मध्येच फुगतात, मध्येच आक्रसतात. फुगलेल्या भागात वाहतूक वेगाने जात नाही, तिथे डबल पार्किंग होतं. लेन सगळीकडे सारख्या ठेवल्या, तर ही जागा चालणाऱ्यांना देता येते. जंगली महाराज रस्त्यावर जुन्या झाडांखाली लोक आज निवांत बसलेले दिसतात.

पण नुसत्या रुंदीने भागत नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी पट्टी सांगितली आहे. मोकळी म्हणजे डीपी (विजेची पेटी), खांब, झाड, बाक सोडून उरलेली. तीन मीटरच्या फुटपाथच्या मधोमध डीपी बसवला, तर कागदावर रुंदी छान दिसते आणि व्हीलचेअर मात्र अडते.

खरी कसोटी सोसायट्यांच्या गेटपाशी लागते. प्रत्येक गेटला फुटपाथ खाली उतरवला, तर आजी-आजोबांना दर पन्नास पावलांवर चढ-उतार. उताराचं प्रमाण १:१२ धरलं, तर १५ सेंटिमीटर उंचीला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. तेवढी जागा कुणी सोडत नाही. त्यापेक्षा फुटपाथ सपाट ठेवावा आणि गाडीने चढून-उतरून आत जावं. गाडीला गुडघेदुखी नसते!

बोलार्डचं, म्हणजे फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून लावलेल्या बुटक्या खांबांचं गणित मात्र अवघड आहे. व्हीलचेअर जावी म्हणून दोन खांबांत ९० सेंटिमीटर अंतर ठेवलं, की स्कूटरही आरामात शिरते. अंतर कमी केलं, तर स्कूटरआधी व्हीलचेअरच अडते. इथे आराखड्याने काही होत नाही, पोलिसांनी दंडच करायला हवा.

पथारीवाल्यांना हाकलून फुटपाथ ‘स्वच्छ’ करण्याच्या मी विरोधात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण दिलंय. शिवाय रात्री नऊनंतर भाजीवाली बसलेली असेल, तर त्या रस्त्याने एकट्या बाईला चालायला धीर येतो. त्यांची जागा झाडं-खांबांच्या पट्टीत आखून द्यावी, म्हणजे चालायची पट्टी मोकळी राहते.