एफची कॉर्ड बसत नाही? आधी गिटार तपासा

प्रश्न : सी, जी, ई मायनर ठीक वाजतात. एफची बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून धरायची) धरली की दोन-तीन तारा मुक्या राहतात, मिनिटभरात अंगठा भरून येतो. बोटांत ताकद कमी आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हाच आकार पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) धरून पाहा, तिथे तो ए मेजर होतो. तिथे सगळ्या तारा स्वच्छ बोलत असतील, तर दोष बहुधा नटचा, म्हणजे मानेच्या टोकाला ज्या खाचांतून तारा जातात त्या पट्टीचा. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर उरणारी फट बघा. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. व्हिजिटिंग कार्ड जात असेल, तर नटच्या खाचा उथळ आहेत. त्या कारागिराकडूनच खोल करून घ्या. घरी कानस चालवताना खाच जास्त उतरली, की मोकळी तार फ्रेटला लागून झणझणते आणि नटच बदलावा लागतो.

बाराव्या फ्रेटवर जाड ई तार (सहावी) फ्रेटपासून साधारण २.५ मिमी, बारीक ई (पहिली) २ मिमीच्या आत असावी. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत गिटारचे पोट फुगून ही उंची वाढते, तेव्हा जुलैतल्या मापावर सॅडल (गिटारच्या पोटावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासायची घाई नको. बारा नंबरच्या जाड तारा असतील तर दहाच्या बारीक लावा. आवाज थोडा बारीक होईल, शिकताना चालतो.

पाचव्या फ्रेटवरही तारा मुक्याच, तर मात्र हात सुधारायचा. तर्जनीने सहाही तारा सारख्या दाबायची गरजच नसते. पाचवी अनामिकेकडे, चौथी करंगळीकडे, तिसरी मधल्या बोटाकडे. तर्जनीच्या वाट्याला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. बोट अंगठ्याच्या बाजूला किंचित कलते करा, म्हणजे मऊ मांसाऐवजी हाडाची कड तारांवर येते. पेराच्या घडीत एखादी तार अडकली तर बोट दोन मिलिमीटर वर-खाली सरकवा. अंगठा दुखतो तो चिमटा घट्ट केल्यामुळे. उजव्या बाहूने गिटार अंगाशी धरा आणि डावे कोपर हलकेच मागे ओढा.

प्रश्न : जीवरून सीवर जाताना ताल तुटतो.

उत्तर : जी धरताना सहावीवर अनामिका, पाचवीवर मधले बोट, पहिलीवर करंगळी ठेवा. मग अनामिका आणि मधले बोट तोच आकार न मोडता एकेक तार खाली येतात, करंगळी उठते, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बसते. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, प्रत्येक कॉर्डला चार ठोके. चुकलात तरी उजवा हात थांबवू नका.