एंडोकार्डायटिसचा पेशंट तपासताना

मेडिसिनच्या पहिल्याच पोस्टिंगला एंडोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला आणि झडपांना जंतुसंसर्ग झाल्याची, केस मिळाली म्हणून घाबरू नकोस. पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या वॉर्डात असे पेशंट येतच असतात, फक्त पुस्तकातली सगळी चिन्हं एकाच माणसात सापडत नाहीत.

आधी ताप आणि मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा फुसफुस आवाज) ही जोडी धर. रेंगाळलेला ताप, त्यात जुना रुमॅटिक झडपेचा आजार किंवा कृत्रिम झडप असेल, तर कान टवकार. महाधमनीच्या झडपेची गळती ऐकायची तर पेशंटला बसवून पुढे वाकव, श्वास पूर्ण सोडून धरायला सांग आणि स्टेथोस्कोपचा डायफ्राम (सपाट बाजू) छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला नीट दाबून टेकव. राउंडच्या गोंगाटात हे जमत नाही, दुपारी जा.

मग हात, खिडकीच्या उजेडात:

- नखाखाली लालसर-तपकिरी उभ्या रेघा. मार्केट यार्डातल्या हमालाच्या नखांच्या टोकाशी त्या नुसत्या माराने येतात. मुळाकडच्या रेघांना जास्त वजन दे.
- बोटांच्या टोकांच्या मऊ भागावरच्या दुखऱ्या गाठी ऑस्लरच्या, तळहातावरचे न दुखणारे डाग जेनवेचे. दाबून विचार. व्हायवात हेच उलटं सांगून मुलं आपटतात!
- खालची पापणी ओढून आत रक्ताचे बारीक ठिपके शोध.

हात स्वच्छ दिसले की निदान खोडायचं, ही नेहमीची चूक. बऱ्याच जणांत ही चिन्हं नसतातच. मर्मरही एकदा ऐकून सोडू नकोस. रोज ऐक, बदलला तर लगेच रजिस्ट्रारला सांग. आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) अँटिबायोटिकच्या आधी घे.

ड्यूकचे निकष (या आजाराचं निदान ठरवायची यादी), डोळ्याच्या पडद्यावरचे रॉथ स्पॉट सध्या बाजूला राहू देत.