म्हापशातलं वडिलांचं घर विकायचंय, भाऊ लंडनला असतो. कर कसा लागेल?

भारतात वारसा कर 1985 पासून नाही. कर लागतो तो विक्रीच्या नफ्यावर, आणि चूक बहुधा वाटे मोजताना होते. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर अर्धं घर आईचंच. वारसा उघडतो तो उरलेल्या अर्ध्याचा. म्हणजे आई अर्धी, तुम्ही दोघे पाव-पाव. परस्पर अर्धं-अर्धं दाखवू नका. आधी इन्व्हेंटरी (वारस आणि वाटे ठरवणारी गोव्यातली न्यायालयीन प्रक्रिया) पुरी करा.

घर 2001 पूर्वीचं असेल तर खरेदी किंमत म्हणून धरायला 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकन नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून घ्या. ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर धरता येत नाही. दर 12.5 टक्के. इंडेक्सेशनसह (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून) 20 टक्क्यांचा पर्याय आई आणि तुम्हाला आहे, अनिवासी भावाला नाही.

पैसे देताना खरेदीदार कर (टीडीएस) कापून घेतो. भावाच्या वाट्यावर त्यातली 50 लाखांची सूट-मर्यादा चालत नाही. नफा थोडा असला तरी कपात वाट्याच्या पूर्ण रकमेवर होते: 40 लाखांवर 5 लाख, वर सेस. म्हणून विक्रीखताआधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढा.

भावाला दुसरं मूल्यांकनही लागेल, वडील वारले त्या तारखेचं. ब्रिटन नफा तिथून मोजतं. इथे भरलेल्या कराची वजावट मात्र तिथे मिळते. एप्रिल 2025 पासून मागच्या 20 पैकी 10 वर्षं तिथे राहिलेला माणूस वारला की त्याची जगभरची मालमत्ता साधारणपणे ब्रिटिश वारसा कराखाली येते: 3,25,000 पौंडांच्या वरच्या रकमेवर 40 टक्के. घर न विकता ठेवलं तर भावाचा पाव हिस्साही त्यात येऊ शकतो; पण भावाचं कायदेशीर मूळ घर (डोमिसाइल) भारतच मानलं गेलं तर 1956 चा भारत-ब्रिटन करार तो हिस्सा वाचवू शकतो.