मेव्हणा म्हणतो युनियननेच गाडी कंपन्या बुडवल्या...

प्रश्न: माझा मेव्हणा चाकणला एका कंपनीत मॅनेजर आहे. त्याचं म्हणणं, २००८ ला अमेरिकेत जीएम (जनरल मोटर्स) आणि क्रायस्लर या गाडी कंपन्या युनियनमुळे बुडाल्या, कामगार तासाला ७० डॉलर घ्यायचे आणि सरकारने लोकांच्या टॅक्समधून त्यांचे लाड पुरवले. खरंय का?
- एक वाचक, पिंपरी

उत्तर: ते ७० डॉलर कामगाराच्या हातात पडत नव्हते हो. जुन्या कामगाराचा पगार तासाला साधारण २८ डॉलर, त्यात ओव्हरटाइम, सुट्ट्या, मेडिकल धरा आणि वर जे कधीचेच रिटायर झालेत त्यांचं पेन्शन न् औषधपाणी, हा सगळा खर्च आज लाइनवर उभ्या असलेल्यांच्या तासांवर वाटला की मग ७० होतात.

पण मेव्हणा अगदीच हवेत बोलत नाहीये. 'जॉब्स बँक' नावाची एक भानगड होती, प्लँटमध्ये काम नसलं तरी माणसाला जवळपास पूर्ण पगार, आणि युएडब्ल्यू या तिथल्या गाडी कामगारांच्या युनियनने ती बरीच वर्षं टिकवून धरली होती. मात्र मोठमोठ्या एसयूव्हीवरच धंदा चालवायचा हे काही युनियनने ठरवलं नव्हतं, पेट्रोल भडकलं, मग बँका कोसळल्या, लोकांना कर्ज मिळेना आणि गाड्या शोरूममध्येच पडून राहिल्या. तेवढ्यात जीएम, क्रायस्लर आणि फोर्ड या तिन्ही कंपन्यांचे साहेब सरकारकडे हात पसरायला गेले तेही आपापल्या खासगी विमानातून! शिव्या खाल्ल्यावर पुढच्या खेपेला गाडीने गेले.

डिसेंबर २००८ मध्ये सिनेटमध्ये मदत अडली ती मात्र युनियनच्याच मुद्द्यावर. रिपब्लिकन सिनेटर बॉब कॉर्कर वगैरे मंडळी म्हणत होती, २००९ मध्येच पगार टोयोटा-होंडाच्या अमेरिकेतल्या प्लँटइतका खाली आणा. युनियनचे अध्यक्ष रॉन गेटेलफिंगर कपातीला तयार होते पण करार २०११ पर्यंतचा, त्याआधीची तारीख नको म्हणाले. बिल पडलं, आणि आठवड्याभरात बुशनी बँकांसाठीच्या फंडातून १७.४ अब्ज डॉलर काढून दिले.

लाड म्हणाल तर ओबामा आल्यावर २००९ मध्ये दोन्ही कंपन्यांचं दिवाळं निघालं, आणि रिटायर कामगारांच्या औषधपाण्यासाठी कंपनी जे देणं लागत होती त्यातला मोठा हिस्सा रोख न देता शेअर्समध्ये दिला. हा औषधपाण्याचा खर्च सांभाळणाऱ्या ट्रस्टकडे दिवाळ्यातून उभ्या राहिलेल्या नव्या जीएमचे १७.५ टक्के आले, क्रायस्लरचे ५५. जीएमला कर्ज दिलेल्या बाँडवाल्यांनी बोंब मारली की २७ अब्जांचे आम्ही धनी आणि आम्हाला फक्त १० टक्के, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्या तक्रारीत दम वाटतो. पण युनियनने २०१५ पर्यंत पगारासाठी संप न करण्याचंही कबूल केलं, आणि नव्या पोरांना त्याच लाइनवर तासाला १४ डॉलरच्या आसपास, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या काकाच्या निम्मे. जुन्यांचं जपताना नव्यांचा बळी गेला, माझा युनियनवर राग असेल तर तो इथे आहे. ही दरी बऱ्यापैकी बुजायला २०२३ चा संप उजाडावा लागला.

आणि टॅक्सचे पैसे? एकट्या जीएममध्ये सरकारने साधारण ५० अब्ज घातले, डिसेंबर २०१३ ला शेवटचे शेअर विकले तोवर ३९ परत आले होते.

प्रश्न: मग आपल्या तळेगावच्या जीएमला कुणी का नाही वाचवलं?
- तोच वाचक

उत्तर: तिथे कंपनी बुडत नव्हती, तिला इथून जायचंच होतं! २०१७ ला भारतात विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात उत्पादनही बंद, पुढे प्लँट ह्युंदाईने घेतला. आपल्याकडे अशा वेळी सरकारच्या हातात तिजोरी नाही, परवानगीचा शिक्का असतो, तेव्हा शंभरावर कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारला विचारावं लागायचं. त्यामुळे युनियनची लढाई शेअरसाठी नव्हती, कामावर परत घ्या एवढ्यासाठीच कोर्टात खेटे.