काहिलीतला माणूस समितीत कधी?

प्रश्न : भाऊसाहेब, नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावची. 2019 ला आणि परत 2021 ला घर सोडून शाळेत राहिलो. माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिथल्या सरकारी आपत्ती यंत्रणेचं काम तपासायला सल्लागार परिषद नेमली, असं तो सांगत होता. आपल्या जिल्ह्यात असं काही करता येतं का? मागायचं कुणाकडं?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : ताई, येतं. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, कलम 28 : जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला गरज वाटेल तेव्हा सल्लागार समिती नेमता येते. राज्य पातळीवर हीच सोय कलम 17 मध्ये आहे. मागायचं जिल्हाधिकाऱ्यांकडं, कारण प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात.

उत्तर इथं संपवता आलं असतं. पण तीस वर्षं तलाठ्याचं दप्तर सांभाळलेल्या माणसाला ‘गरज वाटेल तेव्हा’ या शब्दांचा अर्थ चांगला कळतो. गरज तुम्हाला वाटून उपयोग नाही, त्यांना वाटायला पाहिजे.

मुलानं सांगितलं ते खरं आहे. ‘फेमा’ ही तिथली केंद्रीय यंत्रणा, 1979 पासूनची. 24 जानेवारी 2025 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून तिचा आढावा घेणारी परिषद नेमली, जास्तीत जास्त 20 जणांची. पण फेमा ज्या अंतर्गत सुरक्षा खात्याखाली चालते, त्याच खात्याचा मंत्री या परिषदेचा सहअध्यक्ष. दुसरा सहअध्यक्ष संरक्षणमंत्री. त्याआधीही तिथं एक सल्लागार परिषद होतीच. कॅटरिना वादळात झालेल्या फजितीनंतर 2006 च्या कायद्यानं ती आली, आणि तिचे सदस्य नेमायचे फेमाच्याच प्रमुखानं. म्हणजे साखर कारखान्याचा वजनकाटा कारखान्यानंच तपासायचा. ऊसवाल्याला यापुढं काही सांगायला नको. आपलं कलम 28 याच वळणाचं आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं वडनेरे समिती झाली की. झाली. 2019 च्या पुरानंतर नेमली, 2020 मध्ये अहवाल आला. पण ती पुराची कारणं आणि उपाय शोधायला होती. पाणी का चढलं, हा तिचा विषय. पाणी चढल्यावर कोण कुठं किती वाजता पोचलं, हा हिशोब वेगळा, आणि तो गावानं मागितल्याशिवाय कुणी मांडत नाही.

तो हिशोब कसा असतो, माझंच सांगतो. एका गावात ‘पट्टीचे पोहणारे’ अशी यादी दप्तरात होती, नाव आणि फोन नंबर. पूर आला तेव्हा पहिला नंबर लावला तर त्यांच्या सुनेनं उचलला. सासरे वारून चार वर्षं झाली होती. ती यादी दर मे महिन्यात मीच सही करून वर पाठवत होतो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. कलम 31 म्हणतं की जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा. आम्ही तारीख अद्ययावत करत होतो.

त्या पुरात माणसं बाहेर काढली ती गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी. आणि एकानं गुळाची काहिल, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, पाण्यात घालून तिच्यात बसून म्हशींना वैरण पोचवली. सरकारी बोट येईपर्यंत दिवस गेला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याकडं, आणि 2019 ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. बोटवाल्यांना दोष देत नाही मी. पण काहिलीतल्या त्या माणसाला नंतर कुणी विचारलं नाही की, बाबा, ओढ कुठं होती, भोवरा कुठं होता, तारा कुठं लोंबत होत्या. 2019 च्या पुरातच, 8 ऑगस्टला, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. बोटीत किती माणसं बसवायची हे ठरवणारा काठावर कोण असतो, हासुद्धा समितीनं विचारायचा प्रश्न आहे.

म्हशींचं मुद्दाम लिहिलं. माणसं वेळेत का निघत नाहीत, याला ‘नागरिकांचे असहकार्य’ असा शेरा असतो. मीही मारलाय. खरं कारण गोठ्यात उभं असतं. दहा दिवसाला दुधाचं बिल येणारी बाई दोन म्हशी सोडून शाळेत जाऊन बसेल का? जनावरांची सोय आधी सांगा, बाई आपणहून ट्रॉलीत चढते. हे सांगणारी एक गवळण समितीत असली तर सेवानिवृत्त अभियंते दोन कमी चालतील. (ते मित्र आहेत माझे, रागावतील.)

मदतीचंही तसंच. 2019 ला एका आदेशात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असल्याची अट होती, धान्य मिळायला. दारात उभं राहून मी विचारायचं, पाणी किती तास होतं? दीड दिवसात उतरलं म्हणून भिजलेली ज्वारी वाळत नाही. ही अट लिहिणाऱ्याच्या शेजारी एक पूरग्रस्त बसला असता तर ती कागदावर आली नसती.

तर अर्ज करताना नुसतं ‘समिती नेमावी’ लिहू नका. नेमतील, पहिल्या बैठकीला चहा होईल आणि दुसरी बैठक पुढच्या पुरानंतर. लिहा की अध्यक्ष महसूल, पाटबंधारे, पोलीस यांपैकी कुणी नसावा. निम्मे सदस्य पूरपट्ट्यातले असावेत, त्यात बायका असाव्यात. बैठक दोनदा, मे महिन्यात आणि पाणी ओसरल्यावर महिन्याच्या आत, आणि दुसरी गावात, चावडीवर. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी कितीला ओलांडली, आणि तुमच्या गावात दवंडी, भोंगा, मेसेज कितीला आला, या वेळा शेजारी शेजारी मांडून वाचून दाखवाव्यात. या एका कागदानं निम्मं काम होतं. अहवाल मराठीत हवा, ग्रामपंचायतीच्या फलकावर.

कायद्यात यातलं काही सक्तीचं नाही, हे स्पष्ट सांगतो. जिल्हाधिकारी नाही म्हणू शकतात. म्हणून आधी ग्रामसभेत ठराव घ्या, शेजारच्या चार-पाच गावांचे ठराव जोडा, मग एकत्र द्या. एकट्या अर्जाला ‘नोंद घेतली’ असं उत्तर येतं, ते मीही पुष्कळांना दिलंय.

पोच घ्यायला विसरू नका. शिक्का आणि आवक क्रमांक, दोन्ही.