आगोटीआधी सरपणाची बेगमी

आगोटीआधी, म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आधी, सरपण कसं साठवायचं हे तुम्ही एप्रिलमध्येच विचारलंत, फार बरं झालं. मृग ७-८ जूनला लागतो, त्याआधी लाकडं फोडून, वाळवून छपराखाली गेली पाहिजेत. ओल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. पेटवलंत की आधी ते पाणीच उकळतं, म्हणून ना धड आच मिळत, ना धूर थांबत. जाड ओंडके आजच फोडायला घ्या. साल ओल धरून ठेवते, फोडलेल्या बाजूने लाकूड लवकर सुकतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजल्या आणि टोकांना चिरा दिसल्या, तर माल तयार.

आकेशिया, ऐन, किंजळ यांचा निखारा टिकतो, तर आंबा पटकन जळून जातो. बिब्ब्याला मात्र हातच लावू नका! चीक अंगावर उततो आणि धूरही बाधतो.

रचताना खाली चिरे मांडा, त्यावर वासे. थेट जमिनीवर ठेवलंत तर वाळवी लागलीच समजा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, बाजू उघड्या ठेवा. प्लास्टिकने सगळं गुंडाळलंत तर आतल्या आत बुरशी येते. पावसात रचलेल्या लाकडांत फुरसं (विषारी साप), विंचू आसऱ्याला येतात. आधी काठीने हलवा, मगच हात घाला, आणि रात्री बॅटरीशिवाय जाऊच नका.

पेटवणासाठी सोडणं (नारळाची सालं) आणि करवंट्या वेगळ्या, कोरड्या ठेवा. पाणी तापवायच्या बंबाच्या नळीतली काजळी आत्ताच काढा. पाणी भरल्याशिवाय तो कधीही पेटवू नका, सांधे सुटतात.